लोड फ्लोमध्ये व्होल्टेज थेट का काढता येत नाही?

लोड फ्लो म्हणजे वीज-जाळ्यात कुठे किती व्होल्टेज असेल आणि किती शक्ती वाहील याचा हिशेब. त्यात वाहिनीचा इंपिडन्स (प्रवाहाला होणारा एकूण विरोध) आणि प्रत्येक ठिकाणचा भार ठाऊक असताना ओहमच्या नियमाने व्होल्टेज थेट का काढता येत नाही, आणि स्लॅक बस (हिशेबातील उरलेली तूट भरणारी बस) मुळात लागते कशाला, असे आपण विचारले आहे. मी पुण्यात कारखान्यांच्या विद्युत आराखड्यांचे काम करतो. नव्याने रुजू होणारे अभियंते बहुधा याच दोन प्रश्नांपाशी अडखळतात. (बस म्हणजे जाळ्यातला जोडबिंदू; ही बस स्वारगेटची नव्हे, पण दोन्ही शब्द लॅटिन ‘ऑम्निबस’वरूनच आले आहेत.)

पहिली अडचण भार सांगण्याच्या पद्धतीत आहे. चाकणचा कारखाना आपली गरज अँपिअरमध्ये नव्हे, तर किलोवॉट आणि पॉवर फॅक्टरमध्ये (एकूण शक्तीपैकी प्रत्यक्ष कामाला येणारा वाटा) सांगतो. शक्तीवरून प्रवाह काढायचा तर तिथले व्होल्टेज हवे, आणि व्होल्टेज काढायचे तर आधी प्रवाह हवा. त्यामुळे समीकरणे अरेषीय होतात आणि अंदाजापासून सुरुवात करावी लागते.

एक छोटे उदाहरण हाताने सोडवून पाहा. पाठवणाऱ्या बसचे व्होल्टेज 1.0 पर युनिट (म्हणजे ठरवलेल्या मूळ मूल्याच्या पटीत; पुढचे आकडेही तसेच), वाहिनीचा रिअ‍ॅक्टन्स 0.1 (इंपिडन्समधला रोध सोडून उरलेला भाग), रोध शून्य आणि पलीकडचा भार 0.8 अ‍ॅक्टिव्ह व 0.4 रिअ‍ॅक्टिव्ह. अ‍ॅक्टिव्ह शक्ती प्रत्यक्ष काम करते, रिअ‍ॅक्टिव्ह नुसती मागेपुढे होत राहते. भाराकडील व्होल्टेजही 1.0 असावे असे धरून प्रवाह काढला आणि वाहिनीतील घट वजा केली, की 0.963 मिळते. हेच नवे व्होल्टेज, त्याच्या कोनासह (पाठवणाऱ्या व्होल्टेजच्या किती अंश मागे आहे त्यासह), घेऊन पुन्हा तेच केले की 0.955, आणि तिसऱ्या फेरीत 0.9547, त्यापुढे आकडा जवळजवळ हलत नाही. गाउस-सायडल पद्धतीचा गाभा एवढाच आहे. न्यूटन-राफसन पद्धतीची एकेक फेरी महाग पडते, पण फेऱ्या फार थोड्या लागतात, म्हणून मोठ्या जाळ्यांसाठी तीच वापरतात.

आता स्लॅक बस. वरील उदाहरणात भाराने 0.4 रिअ‍ॅक्टिव्ह शक्ती मागितली, पण पाठवावी लागली 0.488, कारण उरलेली 0.088 वाहिनीनेच खाल्ली. हा आकडा उत्तर मिळण्याआधी कुणालाच सांगता आला नसता. रोध असलेल्या वाहिनीत अ‍ॅक्टिव्ह शक्तीच्या नुकसानीचेही हेच होते. सिंहगडावरच्या सहलीत बाकीच्यांनी आपापली वर्गणी आधीच ठरवून दिली, तर पिठलं-भाकरीचे शेवटचे बिल आल्यावर उरलेले पैसे भरायला कुणीतरी एक लागतोच. स्लॅक बस म्हणजे तो माणूस. कारखान्याच्या अभ्यासात आम्ही बाहेरून येणाऱ्या पुरवठ्याच्या बिंदूलाच स्लॅक धरतो.

याच उदाहरणात भारापाशी 0.4 रिअ‍ॅक्टिव्ह शक्तीची पूर्ण भरपाई करणारी कपॅसिटर बँक बसवली, तर व्होल्टेज 0.955 वरून 0.997 वर जाते, कोन मात्र 4.8 अंशांवरून 4.6 वर, म्हणजे नाममात्र बदलतो. व्होल्टेज मुख्यतः रिअ‍ॅक्टिव्ह शक्तीशी आणि कोन अ‍ॅक्टिव्ह शक्तीशी बांधलेला असतो, हे पाठ करण्यापेक्षा असे पाहणे बरे. शहरातल्या वितरण केबलींत मात्र रोध तुलनेने मोठा असल्याने ही वाटणी इतकी स्वच्छ राहत नाही.

शेवटी कपॅसिटर काढून तोच भार त्याच प्रमाणात वाढवत न्या. अ‍ॅक्टिव्ह भार सुमारे 3.09 च्या पुढे गेला, की समीकरणाला वास्तव उत्तरच उरत नाही आणि संगणकावर फेऱ्या संपत नाहीत. अशा वेळी प्रोग्रॅममध्ये चूक शोधण्याआधी, ती वाहिनी तेवढा भार मुळात वाहू शकते का, हे तपासावे.