ज्याच्या तोंडी ते पाणी

पोरी,

रात्रीचा तुझा मेसेज वाचला, लांबलचक होता म्हणून सकाळी परत वाचला. व्हिडिओ खूप चालला, पत्रकारांचे फोन आले, आणि साखर कारखान्याच्या डिस्टिलरीच्या सांडपाण्यानं तांबडं झालेलं ज्या मावशीच्या हापशाचं पाणी तू दाखवलंस तीच आता म्हणायली की व्हिडिओ काढून टाक. आणि तू विचारतेस की मी माझ्या एकटीच्या नावानं हरित लवादात जाऊ का. नको. लवादात जायचंच आहे, पण आत्ता नाही आणि तुझ्या एकटीच्या नावानं तर नाहीच नाही.

लोकच घाबरट आहेत असं लिहिलंस, ते मला परत लिहू नकोस. तिचा पोरगा कारखान्यात ठेकेदाराकडं आहे, ती स्वतः ज्याच्या रानात रोजानं जाते त्याचा ऊस याच कारखान्याला जातो. कारखान्याच्या चिटबॉयनं, म्हणजे उसाची नोंद ठेवणाऱ्या माणसानं, नोंद मागं सरकवली, तोडणीची टोळी उशिरा पाठवली, की उसाला तुरे येतात, वजन घटतं, आणि मग मालक तिलाच म्हणणार की तुझ्या व्हिडिओपायी माझा फड उभा राहिला. कुणी धमकी द्यायची गरजच पडत नाही. तुला पुण्याची नोकरी आहे, तिला तोच हापसा आणि तेच रान. तिच्या ठिकाणी तू काय केलं असतंस?

माझं म्हणणं एकच आहे आणि ते मी तुला कंटाळा येईस्तोवर सांगणार: ज्याच्या तोंडी ते पाणी, त्याचा शब्द शेवटचा. तुझा नाही, माझा नाही, वकिलाचा नाही, पत्रकाराचा तर मुळीच नाही.

डिस्टिलरीचं गणित तुला ठाऊक आहे, एक लिटर अल्कोहोलमागं साधारण आठ ते पंधरा लिटर स्पेंटवॉश, म्हणजे तांबडं-काळं सांडपाणी, निघतो, त्याचा बीओडी, म्हणजे घाण कुजताना पाण्यातला किती प्राणवायू खाते त्याचं माप, लिटरला चाळीस-पन्नास हजार मिलिग्रॅमच्या घरात जातो आणि नदीनाल्यात सोडायच्या सांडपाण्याची मर्यादा आहे 30. हे तू व्हिडिओत छान सांगितलंस. पण ते पाणी वस्तीत कुठल्या महिन्यात येतं, गळीत सुरू झाल्यावर किती दिवसांनी हापशाला वास मारतो, रात्री सोडतात की पहिल्या पावसात, कुणाची म्हैस गाभडली, हे तुला माहीत नाही. मावशीला माहीत आहे. 2016 ला मिरजेहून रेल्वेनं लातूरला पाणी आलं तेव्हा अख्ख्या देशानं बघितलं, त्याच वर्षी औरंगाबाद खंडपीठानं दारू कारखान्यांच्या पाण्यात 60 टक्क्यांपर्यंत कपात करायला लावली. पाणी आटलं की सगळ्यांना दिसतं गं. नासलेलं पाणी ज्याच्या घागरीत येतं त्यालाच दिसतं, म्हणून त्यालाच विचारायचं.

आणि अजून एक, ज्यावर माझं डोकं तापतं. भरपाईची बोलणी लागली की पहिला प्रश्न येतो सातबाऱ्याचा. विहीर कुणाच्या नावावर, जमीन किती नापीक झाली. नाल्याकाठच्या वस्तीत कुणाच्या नावावर काय आहे? पाणी तेच पितात, पोरांच्या अंगाला खाज त्यांच्याच, आणि पंचनाम्यात त्यांचा रकानाच नसतो. तू घाईनं अर्ज टाकलास की वकील सोयीचा म्हणून विहीरवाला बागायतदार पुढं करणार, कारखाना त्याला बोअर नाहीतर पाइपलाइन देऊन गप्प करणार, आणि हापशावरच्या बाया होत्या तिथंच.

ओडिशात नियमगिरीच्या डोंगरावर बॉक्साइटची खाण होणार होती, तिथं 2013 मध्ये सुप्रीम कोर्टानं ग्रामसभांना विचारायला लावलं, 12 च्या 12 ग्रामसभांनी खाण नाकारली. दिल्लीपासून कितीतरी शिकलेली माणसं त्या लढ्यात होती, पण निकाल लागला तो डोंगरावर राहणाऱ्यांच्या तोंडून. वनहक्क कायद्याचा आधार होता तिथं, आपल्याकडं तो नाही, मला कळतं. पण रीत तीच.

माझ्याबद्दल तू ऐकलं असशील, लोक अजून बोलतात. आमच्याकडच्या नाल्याच्या वेळी शहरातली मंडळी म्हणत होती आजच केस टाका, आणि वस्तीनं मारुतीच्या पारावर बसून ठरवलं की आधी प्यायचं पाणी द्या, केसचं नंतर बघू. मी वस्तीचं ऐकलं. केस लांबली, काही जण म्हणाले कारखान्यानं ह्याला खिशात घातला. म्हणू देत. नळ आला, बायांची पायपीट थांबली, आणि मग केसवर सह्या करायला त्याच बाया आल्या, कुणी बोलवायला गेलं नव्हतं. नाला मात्र हंगामात अजून तसाच वाहतो, त्याची खंत मला आहे, रोज त्याच रस्त्यानं जातो मी. तरी आजही तेच करीन. दुसऱ्याच्या जिवावर लढाई लवकर जिंकायचा मला हक्क नव्हता, तुलाही नाही.

वेळ नाही असं म्हणू नकोस. लवादाच्या कायद्यात पर्यावरणाच्या वादाच्या कलम 14 ला सहा महिन्यांची मुदत आहे खरी, पण भरपाईचं कलम 15 आहे ना, त्याला पाच वर्षं मिळतात. आणि तू बाटलीत भरून खासगी लॅबला दिलेलं पाणी व्हिडिओला ठीक आहे, खटल्याला जल प्रदूषण कायद्याच्या कलम 21 प्रमाणं कारखान्याला नोटीस देऊन प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या अधिकाऱ्यानं घेतलेला, सील केलेला नमुना लागतो. ते व्हायला वेळ जाणारच. तो वेळ वस्तीत घाल.

तर आज व्हिडिओ काढ. मावशीला फोन करून सांग की काढला, आणि का टाकला होता तेही सांग, माफी-बिफीचं भाषण नको. मग संध्याकाळी सात नंतर जा, बाया रानातून आल्या की, दिवसा जाऊन रोज बुडवू नकोस त्यांचा. कॅमेरा घरी ठेव. विचार की काय पाहिजे. टँकर म्हणाल्या तर टँकरचा अर्ज लिही, ग्रामपंचायतीत त्यांच्यासोबत जाऊन दे. केस म्हणाल्या तर पहिल्या सह्या त्यांच्या, तुझी सगळ्यात खाली. नको म्हणाल्या तर चार दिवसांनी परत जा, चहा पी, परत विचार.

तोवर माहिती अधिकारात दहा रुपयांचा अर्ज टाकून ठेव, मंडळानं डिस्टिलरीला दिलेलं संमतीपत्र आणि मागच्या तपासण्यांचे अहवाल माग, तीस दिवसांत नाही आलं तर अपील मी लिहून देतो. मंडळाचा माणूस नमुना घ्यायला येणार ती तारीख कळली की लगेच कळव, पहिल्या एसटीनं येतो.