'राऊ' आवडली? आता 'झुंज'कडे वळा

ना. सं. इनामदारांची 'राऊ' ही कादंबरी १९७२ची. त्याआधी 'झेप' (१९६३), 'झुंज' (१९६६) आणि 'मंत्रावेगळा' (१९६९) येऊन गेल्या होत्या. नवी प्रत हाती पडली तर पुनर्मुद्रणाच्या सालावर जाऊ नका, 'पहिली आवृत्ती' बघा.

नवा वाचक हमखास अडखळतो तो बाजीरावावर. 'राऊ'तला थोरला, १७४०मध्ये गेलेला. या तिघींत आहे तो त्याचा नातू, रघुनाथरावाचा मुलगा, दुसरा बाजीराव. पहिल्या कोऱ्या पानावर पेशवे, शिंदे आणि होळकर यांची छोटी वंशावळ पेन्सिलीने काढून ठेवा, नाहीतर पन्नास पानांत गुंता होतो.

प्रकाशनक्रम सोडा, 'झुंज' आधी घ्या. नायक यशवंतराव होळकर. १८०१मध्ये पुण्यात बाजीरावाने यशवंतरावाचा भाऊ विठोजी याला हत्तीच्या पायी दिलं, हे माहीत असेल तर १८०२ची हडपसरची लढाई आणि पाठोपाठचा वसईचा तह नीट उलगडतो. मग 'झेप', बाजीरावाचे कारभारी त्रिंबकजी डेंगळ्यांची. शेवटी 'मंत्रावेगळा'. आधीच्या दोन्हींत बाहेरून दिसलेला बाजीराव इथे मध्यभागी येतो. पळपुटा म्हणून हिणवलेल्या माणसाकडे लेखक सहानुभूतीने बघतो, आणि खरी गंमत तिथेच आहे. (ती पटलीच पाहिजे असं नाही.)

'राऊ'सारखी प्रेमकथा मात्र शोधू नका. इथे कारभार, तह, कारस्थानं जास्त. संवाद कल्पित धरा. तारखा आणि घटना ताडायच्या तर सरदेसायांची 'मराठी रियासत' शेजारी ठेवा, पण कादंबरी संपल्यावरच उघडा.