भिंत आधी आडवी, मग उभी

प्रश्न : ताई, नमस्कार. नागपुरात मानेवाडा भागात आमचं वडिलांच्या वेळचं तळमजल्याचं घर आहे. गच्चीवर दोन खोल्या काढायच्या आहेत. जुन्या स्लॅबला विटांच्या भिंती झेपणार नाहीत असं इंजिनिअर साहेबांनी सांगितलं, म्हणून लोखंडी फ्रेम आणि सिमेंट बोर्ड ठरवलं. माझा लहान भाऊ अमेरिकेत असतो. तो म्हणतो, तिकडे भिंत जमिनीवर आडवी ठेवूनच बोर्ड, खिडकी, रंग सगळं करतात आणि मग उभी करतात. आमचा फॅब्रिकेटर म्हणतो, "हे आपल्याकडे नाही होत जी. आधी सांगाडा उभा करू, मग परांची बांधून बोर्ड ठोकू." कोणाचं ऐकू?

उत्तर : भावाचं ऐका. फॅब्रिकेटर चांगला असेल तर त्याला बदलू नका, पण त्याच्यासोबत एक दिवस बसून ही पद्धत नीट ठरवून घ्या. गच्चीच्या काठाला परांची बांधून बोर्ड ठोकायला मात्र लावू नका. माझं मत इतकं ठाम असण्याचं पहिलं कारण माणसं आहेत. १२ मिलिमीटर जाडीचा, आठ बाय चारचा एक सिमेंट बोर्ड ५० किलोच्या आसपास भरतो. बांबूवर उभं राहून दोघांनी तो धरायचा आणि तिसऱ्याने स्क्रू मारायचा, खाली रस्ता, डोक्यावर मे महिन्याचं ऊन. माझ्या साइटवर मी हे होऊ देत नाही. तोच बोर्ड आडव्या फ्रेमवर ठेवला की कोणी धरून ठेवायची गरज उरत नाही. पोरगा गुडघ्यावर बसून ओळीने स्क्रू मारत जातो आणि ओळही सरळ येते.

तुमच्या इंजिनिअरांचं म्हणणं बरोबर आहे. नऊ इंची विटांची भिंत दोन्हीकडच्या गिलाव्यासकट चौरस मीटरला ५०० किलोच्या जवळपास जाते. बारा फूट लांब, दहा फूट उंच भिंत म्हणजे साडेपाच टन. तीच भिंत पातळ लोखंडी फ्रेमची आणि बाहेरून ८ मिलिमीटर बोर्ड लावलेली असली, तर उचलायच्या वेळी साधारण २०० किलो असते. म्हणूनच ती माणसांना उचलता येते. अमेरिकेतल्या लाकडी घरांचंही हेच गणित आहे. तिथे आधी त्या मजल्याची जमीन पूर्ण करतात आणि तिच्यावरच त्या मजल्याच्या भिंती जोडून उभ्या करतात. तुमची गच्ची म्हणजे अशी तयार जमीनच आहे.

आता काम कसं करायचं ते. गच्चीवर रंगदोरीने भिंतीच्या आतल्या बाजूची रेघ मारा. खोलीचा गुण्या, म्हणजे काटकोन, तीन-चार-पाचच्या मापाने तपासा : एका बाजूवर तीन फूट, दुसरीवर चार, तर तिरकं माप पाच यायला हवं. खालचा आणि वरचा ट्रॅक, म्हणजे फ्रेमच्या आडव्या पट्ट्या, शेजारी शेजारी ठेवून दोन्हींवर स्टडच्या, म्हणजे उभ्या पट्ट्यांच्या, खुणा एकाच वेळी करा. वेगवेगळ्या केल्या की कुठेतरी अर्धा इंच सरकतोच.

या खुणांबद्दल थोडं जास्त सांगते, कारण आपल्याकडे सगळ्यात जास्त माल इथेच वाया जातो. फॅब्रिकेटर सवयीने स्टड ६०० मिलिमीटरवर लावतात. बाजारातला आठ बाय चारचा बोर्ड मात्र १२२० मिलिमीटर रुंद असतो. पहिल्या बोर्डाची कड स्टडच्या मध्यापासून २० मिलिमीटर पुढे जाते, दुसऱ्याची ४०, तिसऱ्याची ६०. मग प्रत्येक बोर्ड कापावा लागतो, सगळीकडे धूळ आणि तुकडे. स्टडचं अंतर ६१० ठेवा, किंवा भिंतीवर वजन टांगायचं असेल तर साधारण ४०७. म्हणजे प्रत्येक कड आपोआप स्टडच्या मध्यावर येईल. टोकाचा पहिला स्टड कडेला लागून असतो, म्हणून दुसऱ्या स्टडचं माप भिंतीच्या टोकापासून त्याच्या मध्यापर्यंत धरा. बोर्ड १२०० चा मिळाला तर ६०० बरोबर आहे. आधी बोर्ड मोजा, मग खुणा करा.

फ्रेम जोडून झाली की दोन्ही कर्ण मोजा. बारा बाय दहाच्या भिंतीचा कर्ण १५ फूट साडेसात इंचाच्या आसपास येतो, पण आकड्यापेक्षा दोन्ही कर्ण सारखे असणं महत्त्वाचं. वरचा ट्रॅक अर्धा इंच जरी एका बाजूला सरकला असेल, तरी दोन कर्णांत पाऊण इंचाचा फरक पडतो, म्हणजे टेपला तो सहज सापडतो. लांब कर्णाच्या कोपऱ्यावर हळू ठोकून सारखं करा आणि खालचा ट्रॅक जमिनीला तात्पुरता अडकवून टाका. बोर्ड लागला की भिंतीचा आकार कायमचा पक्का होतो, सरळ असेल तर सरळ, वाकडा असेल तर वाकडा. बेसा भागातल्या एका कामावर ठेकेदाराने ही पाच मिनिटं वाचवली. नंतर मला दाखवायला बोलावलं तेव्हा दाराची चौकट एका बाजूला घासत होती आणि अख्ख्या भिंतीचे स्क्रू काढण्याशिवाय इलाज नव्हता.

बोर्ड लावताना खिडकीच्या कोपऱ्यावर सांधा येऊ देऊ नका. खिडकीभोवतीचा बोर्ड इंग्रजी एलच्या आकारात एकसंध कापा, नाहीतर त्याच कोपऱ्यातून तडा निघतो. दोन बोर्डांमध्ये ३ मिलिमीटरची फट सोडा आणि ती ताणली जाणाऱ्या सीलंटने भरा, पुट्टीने नाही. नागपूरच्या भिंतीला डिसेंबरची पहाट आणि मेची दुपार दोन्ही सोसायची असते. ५० अंशांच्या फरकाने बारा फुटी लोखंड दोन मिलिमीटरच्या वर वाढतं. स्क्रू कडेपासून १२ ते १५ मिलिमीटर आत आणि कोपऱ्यापासून ५० मिलिमीटर दूर मारा. बोर्डाखाली पाणीरोधक कापड टाकणार असाल तर वरचा पट्टा खालच्यावर यायला हवा, कौलांसारखा.

खिडकीची चौकट आडव्या भिंतीतच बसवा. आधी खालच्या कडेला चिकटपट्टी, मग दोन्ही बाजू, शेवटी वरची. हा क्रम उलटा झाला की पावसाचं पाणी पट्टीच्या मागे शिरतं. काच मात्र भिंत उभी झाल्यावर. प्रायमर आणि रंगाचा पहिला हात आडवा असतानाच द्या, आणि कापलेल्या कडा तर नक्कीच रंगवा, कारण नंतर तिथे ब्रश पोचत नाही. हे काम सकाळी लवकर किंवा हिरव्या जाळीच्या सावलीत करा. तापलेल्या बोर्डावर रंग पसरायच्या आधीच सुकतो. शेवटचा हात सगळ्या भिंती उभ्या झाल्यावर एकदम द्या, म्हणजे छटा वेगळ्या दिसणार नाहीत.

आता उचलणं. भिंत बाहेरची बाजू वर करून ठेवायची, खालच्या ट्रॅकची तळाशी टेकलेली कड आतल्या रेघेवर. उभी होताना भिंत या कडेवर फिरते आणि बरोबर आपल्या जागी जाऊन बसते. ती पुढे घसरू नये म्हणून पत्र्याच्या पट्ट्या बिजागरीसारख्या ट्रॅकला आणि स्लॅबला अडकवा, आणि काठाशी लोखंडी अडणी बोल्ट करा. तुमच्या गच्चीला कठडा असेल तर तो किती ठेवायचा आणि किती पाडायचा हे आधी ठरवा, कारण बोर्डाची खालची कड स्लॅबच्या बाहेर इंचभर लोंबायला हवी. तिच्यावरूनच पाणी बाहेर गळतं.

२०० किलोची भिंत वरच्या कडेने उचलायला सुरुवातीला १०० किलोचा जोर लागतो, उरलेलं वजन बिजागरीवर. सहा माणसांना हे जड नाही. जड जातं ते अर्ध्या रस्त्यात. माणसं भिंतीखाली सरकत जातात, हात तळाच्या जवळ येतात आणि लागणारा जोर वाढतो. म्हणून दोघांच्या हातात टोकाला दुबेळकं वेल्ड केलेले लांब पाइप द्या. ते वरच्या ट्रॅकला लावून ढकलत राहतील. दोन टेके आधीच दोन्ही टोकांना एकेका बोल्टवर लोंबते लावून ठेवा, भिंत उभी झाली की ते फिरवून लगेच स्लॅबला पक्के करता येतात. भिंत पलीकडे जाऊ नये म्हणून वरून दोन दोर आत बांधा. दोर धरणाऱ्याने दुसरं काहीही करायचं नाही. एकच माणूस आवाज देईल. खाली रस्त्यावर, भिंतीच्या उंचीपेक्षा जास्त अंतरापर्यंत, कोणी उभं राहणार नाही.

आणि वारा बघा. ताशी ३६ किलोमीटरचा वारा बोर्ड लावलेल्या या भिंतीवर साधारण ६५ ते ७० किलोच्या जोराने ढकलतो. मे-जूनमध्ये आपल्याकडे दुपारनंतर वावधान कधी उठेल सांगता येत नाही. सकाळी उचला, त्याच सकाळी टेके लावा, आणि ट्रॅक स्लॅबला कायमचा जखडणारे अँकर बोल्ट दुसऱ्या दिवसावर टाकू नका. भारतीय मानकात नागपूरसाठी वाऱ्याचा मूळ वेग सेकंदाला ४४ मीटर धरला आहे. बोल्ट किती आणि केवढे हे त्या हिशोबाने तुमच्या इंजिनिअरांकडून लिहून घ्या. मजला वाढवायची परवानगी, तुमच्या भागात महापालिका असो की सुधार प्रन्यास, हे सगळं सुरू करण्याच्या आधी.

प्रश्न : कळमेश्वरकडे शेतावर दोन खोल्यांचं घर अशाच पद्धतीने करतोय. फ्रेम आडवी असताना आतूनही बोर्ड, वायरिंग, उष्णता अडवणारं रॉकवूल सगळं एकदाच करून टाकलं तर? मजुरी वाचेल असं वाटतं.

उत्तर : बाहेरची बाजू पूर्ण करा, आतली उघडी ठेवा, भाऊ. मजुरी वाचते ती बाहेरच्या बाजूला, कारण तिथे परांची लागते. आतल्या बाजूला घोडीवर उभं राहून काम होतं, तिथे आडवं केल्याने फार काही हाती लागत नाही. उलट आतला बोर्डही लावला की भिंतीचं वजन तीनशेच्या पुढे जातं, आणि अँकर बोल्ट घट्ट करायला, दोन भिंतींचा कोपरा जोडायला हात घालायची जागाच उरत नाही. छप्पर व्हायच्या आत एक सर आली तर रॉकवूल भिजतं आणि बंद भिंतीत ते वाळत नाही.

आडवी असताना आतलं एवढंच करा : स्टडना वायरिंगसाठी जी भोकं असतात ती सगळी एका पातळीत आली का ते बघा, एखादा स्टड उलटा लागला की भोक वर जातं आणि इलेक्ट्रिशियन नवीन भोक पाडतो. पंख्याचा रेग्युलेटर, टीव्ही, कपाट जिथे येणार तिथे स्टडच्या मध्ये आडवी पट्टी टाकून ठेवा आणि मोबाइलवर टेपसकट फोटो काढून ठेवा.

कोपऱ्याकडेही लक्ष द्या. ज्या टोकाला दुसरी भिंत येऊन भिडणार आहे तिथला बाहेरचा शेवटचा बोर्ड आडवा असताना लावू नका, नुसता मापात कापून, कडा रंगवून बाजूला ठेवा. दोन्ही भिंती ओळंब्यात आल्यावर तो दोन्हींवर मिळून लावायचा.

शेतावर काळी माती असेल तर ती पावसाळ्यात फुगते आणि उन्हाळ्यात भेगाळते. भिंत हलकी आहे म्हणून पाया उथळ ठेवा असं कोणी सांगेल, ते ऐकू नका. हलकं घर मातीच्या फुगण्याला जास्त लवकर उचललं जातं. जोत्याचं काम मातीची पाहणी करून घेतल्यावरच.

प्रश्न : फ्रेम लोखंडाऐवजी सागवानाची केली तर? लकडगंजमध्ये ओळखीचं दुकान आहे.

उत्तर : सागवान मला फार प्रिय आहे, म्हणूनच ते बोर्डाच्या मागे लपवू नका म्हणते. दार, चौकटी, खिडक्या त्याच्या करा. अमेरिकेत फ्रेमला वापरतात ते पाइनसारखं मऊ, हलकं आणि भट्टीत वाळवलेलं लाकूड असतं. आपल्याकडे दुकानातून आणलेलं लाकूड नीट वाळलेलं नसेल तर एप्रिल-मेच्या कोरड्या हवेत ते पिळतं, आणि आज बरोबर कर्णात बसवलेली भिंत आठवड्याभरात आपलं माप सोडते. वाळवीचं तुम्हाला मी काय सांगू. लोखंड घेताना जस्ताचा लेप चौरस मीटरला २७५ ग्रॅम आहे का ते बिलावर लिहून घ्या.

प्रश्न : बोर्डाच्या भिंतीत कूलरची खिडकी ठेवता येते का? स्टँड भिंतीलाच लावायचा आहे.

उत्तर : खिडकी ठेवा, स्टँड भिंतीला नको. मोठा कूलर पाण्यासकट शंभर किलोच्या घरात जाऊ शकतो, आणि मोटर चालू असताना तो भार सतत हादरत राहतो, त्याने स्क्रू सैल होतात. तळमजला असेल तर कूलर जमिनीवरच्या चार पायांच्या स्टँडवर ठेवा, वर असेल तर स्लॅबमधून काढलेल्या ब्रॅकेटवर. खिडकीच्या दोन्ही बाजूंना जोड स्टड आणि वर आडवी बीम हे भिंत आडवी असतानाच करून घ्या. त्या जागेचा खालचा ट्रॅक आणि बोर्डाची खालची फूटभर उंची पाणीरोधक लेपाने दोनदा रंगवा. कूलरचं पाणी बऱ्याचदा बोअरचं असतं, खारं असतं. वाळ्याच्या ताट्या बदलताना दरवर्षी त्या कोपऱ्यातलं सीलंटही बघून घ्या, सुटलं असेल तर खरवडून नवीन भरा.