२०४८ खेळताना वर सरकवणं टाळा

२०४८ या मोबाइलवरच्या खेळात चार बाय चारच्या पटावर आकड्यांचे चौकोन सरकवून सारखे आकडे जोडायचे आणि २०४८ पर्यंत पोहोचायचं; प्रत्येक चालीनंतर रिकाम्या जागी एक नवा चौकोन येतो. सगळ्यात मोठा आकडा खालच्या डाव्या कोपऱ्यात बसवा आणि तिथून हलू देऊ नका. खालची ओळ २५६, १२८, ६४, ३२ अशी उतरती आणि भरलेली ठेवा. मग डावी-उजवीकडे कितीही सरकवा, ती जागची हलत नाही. वर सरकवलंत की कोपरा रिकामा होऊ शकतो. तिथे नेमका २ येऊन बसला की मोठा आकडा वरच अडकतो आणि डाव तिथेच बिघडतो. नाइलाजाने वर जावंच लागलं तर लगेच खाली या. नवा चौकोन दहातून साधारण नऊ वेळा २ असतो, एकदा ४; म्हणून ४ च्या भरवशावर चाल करू नका. घड्याळ नाही, तेव्हा घाई कशाला? खरी ओढ लागते ती डाव संपल्यावर. नव्या डावाच्या सुरुवातीच्या चाली इतक्या सहज जातात की हात थांबतच नाही. किती डाव खेळायचे ते पहिल्या चालीआधीच ठरवा.