लुई अगासिझ यांनी जीवाश्म मासे कशावरून ओळखले?

प्रामुख्याने खवल्यांवरून. १८०७ साली स्वित्झर्लंडमध्ये जन्मलेल्या अगासिझ यांनी वैद्यकाची पदवी घेतली, परंतु पॅरिसमध्ये नामवंत प्राणिशास्त्रज्ञ क्युव्हिए यांनी जीवाश्म माशांवरील आपली टिपणेच त्यांच्या हवाली केली आणि १८३३ ते १८४३ या काळात अगासिझ यांचा पाच खंडांचा ग्रंथ सिद्ध झाला.

खडकात अख्खा मासा क्वचितच मिळतो, खवले आणि दात मात्र टिकतात. म्हणून त्यांनी खवल्यांचे चार प्रकार पाडले. रत्नागिरीच्या मिरकरवाडा बंदरावर त्यांतले तीन आजही हाताला लागतात: मुशीच्या (शार्कच्या) पाठीवरून शेपटीकडून डोक्याकडे बोट फिरवल्यास काचपेपरासारखी खरखर जाणवते, तारलीचा खवला गोल व गुळगुळीत असतो, तर तांबोशीच्या खवल्याच्या कडेला कंगव्यासारखे बारीक दात असतात. चौथा, जाड व चकचकीत मुलाम्याचा प्रकार आपल्या पाटीत येत नाही. खवल्यांवरून माशांचे गट पाडणारे हे वर्गीकरण पुढे मागे पडले, खवल्यांची नावे मात्र राहिली.

१८४७ पासून ते हार्वर्डमध्ये प्राध्यापक होते. डार्विनचा उत्क्रांतिवाद त्यांनी १८७३ मध्ये मृत्यू येईपर्यंत नाकारला, आणि मानववंशांविषयीची त्यांची मते तर, माझ्या मते, अक्षम्यच होती.