सर्चमध्ये वर दिसतं ते चांगलंच असतं का?

प्रश्न : आईच्या गुडघ्यांसाठी ऐरोलीत घरी येणारे फिजिओथेरपिस्ट शोधतेय, गूगल केलं की वरती तीच तीच नावं. ती चांगली म्हणून वर येतात की पैसे देऊन? आणि आमच्या वेळचं याहू मागे का पडलं?

उत्तर : ताई, दोन्ही प्रकार असतात. बारीक अक्षरात ‘स्पॉन्सर्ड’ दिसलं की ती जाहिरात, बोली लावून मिळवलेली जागा, तुम्ही क्लिक केलंत की त्यांचे पैसे कापले जातात. ही बोलीची आयडिया मुळात गूगलची नाहीच, १९९८ मध्ये गोटू नावाच्या कंपनीने ती आणली, जाहिराती विकणारं गूगलचं अ‍ॅडवर्ड्स आलं २००० मध्ये. नकाशासोबत येणारी नावं मात्र अंतर, रिव्ह्यू वगैरे बघून लागतात.

याहू १९९४ ला सुरू झालं तेव्हा माणसं बसून साइट्सची यादी लावायची, वेब वाढलं तसं ते आवरेना. गूगलचे संस्थापक लॅरी पेज आणि सर्गेई ब्रिन यांनी स्टॅनफर्ड विद्यापीठात वेगळा विचार केला, एखाद्या पानाला किती आणि कुठल्या पानांनी लिंक दिलीय त्यावरून त्याचं वजन ठरवायचं. २००० मध्ये तर याहूनेच आपला सर्च गूगलकडे सोपवला, मला ती त्यांची सगळ्यात मोठी चूक वाटते. अर्थात नुसत्या हुशारीवर गूगलचं वर्चस्व टिकलं नाही, आयफोनमध्ये गूगल आधीपासून असावं म्हणून कंपनीने २०२२ मध्ये अ‍ॅपलला सुमारे २० अब्ज डॉलर दिले, आणि ऑगस्ट २०२४ मध्ये अमेरिकन कोर्टाने गूगलची सर्चमधली मक्तेदारी बेकायदा ठरवली.

आईसाठी जे कोणी ठरवाल त्यांना डिग्री आणि राज्याच्या कौन्सिलचं रजिस्ट्रेशन विचारा, अजिबात संकोच करू नका.