शिखर समोर भव्य, फोटोत मात्र ठेंगणे

प्रश्न : शिखरासमोर उभे राहिले की छाती दडपते, पण फोटोत तोच पर्वत क्षितिजावरच्या उंचवट्याएवढा दिसतो. माझ्याकडे १६ ते ३५ मिमीची वाइड लेन्स आहे. चूक कुठे होते?

उत्तर : चूक आपल्या नजरेत नाही, लेन्सच्या निवडीत आहे. आपण शिखराकडे पाहतो तेव्हा मन फक्त शिखर वेचून घेते आणि भोवतालचे सारे बाजूला सारते. लेन्सचा मिमीतला आकडा, म्हणजे तिचे नाभीय अंतर, जितका लहान तितके दृश्य रुंद. फुल-फ्रेम (३५ मिमी फिल्मएवढा सेन्सर असलेल्या) कॅमेऱ्यावरची १६ मिमीची लेन्स आडवे सुमारे ९७ अंशांचे दृश्य एकाच चौकटीत कोंबते, त्यामुळे पर्वताच्या वाट्याला जागाच उरत नाही. त्याच ठिकाणी उभे राहून ८० मिमी वापरल्यास शिखर पाचपट उंच उमटेल.

त्याहून महत्त्वाचे आहे ते आपण कुठे उभे राहतो हे. समजा, आपल्यापासून २० मीटरवर एक झाड आहे, मागे दहा किलोमीटरवर पर्वत आहे आणि आपण २४ मिमीने फोटो घेतला. आता झाड १०० मीटरवर येईल इतके मागे या आणि १२० मिमी लावा. झाड होते तेवढेच राहील, पण पर्वत जवळजवळ पाचपट मोठा होऊन त्याच्या पाठीशी उभा ठाकेल. लांब लेन्स डोंगर जवळ खेचते असे सर्रास म्हटले जाते. प्रत्यक्षात वस्तूंच्या आकारांतले प्रमाण बदलते ते आपण मागे सरकल्यामुळे, लेन्स केवळ चौकट आवळते. म्हणून झूमला हात घालण्याआधी पायांनी जागा शोधावी, असे मी आग्रहाने सांगेन.

वाइड लेन्स टाकून द्यावी असे नाही. ती वापरताना पुढचा भाग रिकामा ठेवू नये. कॅमेरा गुडघ्याइतका खाली घ्यावा आणि शेवाळलेला दगड किंवा ओढ्याचे वळण इतके जवळ आणावे की त्याचा पोत दिसेल आणि नजर तिथून शिखराकडे चढेल. जवळचा दगड आणि दूरचे शिखर दोन्ही स्पष्ट येण्यासाठी एफ/११ च्या आसपासचे छिद्र (लेन्समधून प्रकाश आत येण्याची वाट) बहुधा पुरते. उन्हाची दिशाही पाहावी : सूर्य पाठीशी असला की कडे सपाट दिसतात, बाजूने तिरपा असला की प्रत्येक घळीत सावली भरते आणि कातळाला खोली येते.

प्रश्न : शिखर चौकटीच्या मधोमध ठेवू नये, हे खरे का?

उत्तर : हा नियम नव्हे, सवय लावण्यासाठीची सूचना आहे. स्थिर तळ्यात शिखराचे पूर्ण प्रतिबिंब पडले असेल, तर मध्यच योग्य. एरवी उतार ज्या बाजूला लांबत जातो, तिकडे अधिक जागा सोडावी. शिखराचे टोक मात्र चौकटीच्या कडेला किंवा ढगाच्या काठाला टेकू देऊ नये. ढग सरकेपर्यंत थांबावे.